गावकुसापासून गृहसंकुलापर्यंत : आपल्या शेजाराचा इतिहास



आपल्या विहाराचा सुवर्णमहोत्सव साजरा होत आहे ही आपणा सर्वांना अभिमानाची गोष्ट आहे. स्मरणिका समितीने माझ्याकडे वसाहतीचा इतिहास लिहिण्याचे काम सोपवले. त्यासाठी विहाराच्या लोखंडी कपाटातली जुनी कागदपत्रे काढली. वर्गणीच्या वह्या, भीमजयंतीचे हिशेब, वर्षावासातल्या ग्रंथवाचनाच्या याद्या, आणि त्यातच एक पिवळी पडलेली फाईल. फाईलमध्ये टाईप केलेल्या एका अर्जाची कार्बन कॉपी होती. पलीकडच्या बंगल्यांतल्या आणि सोसायट्यांतल्या रहिवाशांनी सरकारकडे केलेला तो अर्ज. विषय असा की, या जागेवर अल्प उत्पन्न गटासाठी घरे बांधू नयेत. कारणे चार दिली होती. पाणी कमी पडेल, गटारे तुंबतील, परिसराची शांतता जाईल आणि परिसराचा दर्जा खाली येईल.

ती जागा म्हणजे आपली वसाहत. आणि ते अल्प उत्पन्नवाले म्हणजे आपण!

तो कागद हातात धरून मी बराच वेळ बसून राहिलो. कारण असाच एक अर्ज गेल्या वर्षी आपल्या वसाहतीत फिरला होता. विहारामागच्या मोकळ्या जागेवर, रस्तारुंदीत झोपड्या गेलेल्या कुटुंबांसाठी इमारती बांधण्याचा प्रस्ताव आला तेव्हाचा. त्यातही कारणे चारच. पाणी, गटार, शांतता, दर्जा. क्रमसुद्धा तोच. त्या अर्जावर आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या सह्या आहेत. खोटं कशाला बोलू, माझीही होती.

म्हणून नुसता वसाहतीचा इतिहास न लिहिता, माणसाला घर देताना शेजारी काय करतो त्याचा इतिहास लिहावा असे मनाने घेतले. धम्मबांधवांनी आणि माता-भगिनींनी तो गोड मानून घ्यावा. कुठे कडू लागला तर औषध समजावे.

गावकुसाबाहेर

आपल्या आजोबा-पणजोबांचे घर कुठे असायचे हे वयस्कर मंडळींना सांगायला नको. वेशीच्या बाहेर. गावाचा वारा आणि ओढ्याचे पाणी वाहत जाते त्या अंगाला. येसकराने वेशीवर राखण करायची, पण वेशीच्या आत घर बांधायचे नाही. गावाचे संरक्षण आमच्याकडे आणि गावाचा शेजार मात्र आम्हाला नाही, असा तो न्याय. तिथे कुणी अर्ज करत नव्हतं, कारण अर्जाची गरजच नव्हती. रूढी हाच अर्ज आणि रूढी हाच हुकूम.

बाबासाहेबांनी घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी भाषण करताना खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना परखड उत्तर दिले. खेडे म्हणजे संकुचितपणा आणि अज्ञान यांचे आगर आहे, अशा अर्थाचे ते बोलले. शहरात गेल्याशिवाय आपला माणूस मोकळा होणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. पण शहरातही घर मिळणे किती अवघड आहे हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक होते?

बडोद्याची बाग

१९१७ साली बाबासाहेब बडोदा संस्थानात नोकरीसाठी गेले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला माणूस, पण शहरात राहायला खोली मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. रोजचे भाडे दीड रुपया. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना गाठले आणि जागा सोडायला लावली. त्यांनी ओळखीच्या दोघांकडे आसरा मागितला. एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापल्या घरची अडचण सांगितली. रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत बाबासाहेब सार्वजनिक बागेत बसून राहिले.

हा प्रसंग आपल्या मुलांना पाठ आहे. पण एक गोष्ट आपण नीट पाहत नाही. त्या दोन स्नेह्यांपैकी कुणीही वाईट बोलला नाही. एकाचे नोकर निघून गेले असते, दुसऱ्याला बायकोला विचारायचे होते. म्हणजे दार बंद करणारा प्रत्येक वेळी काठी घेऊनच येतो असे नाही. पुष्कळदा तो चांगला माणूस असतो आणि त्याच्याकडे एक अडचण असते. आपल्या अर्जातल्या चार कारणांकडे मी आता असे पाहू लागलो आहे.

प्लेग, ट्रस्ट आणि चाळी

मुंबईत गरिबांच्या घरांचा प्रश्न सरकारने प्रथम हाती घेतला तो गरिबांच्या कळवळ्याने नव्हे, तर प्लेगच्या भीतीने. १८९६ साली मांडवी भागात प्लेग सुरू झाला. हजारो माणसे शहर सोडून पळाली, गिरण्या ओस पडल्या. १८९८ साली बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे आणि उठवलेल्यांसाठी चाळी बांधायच्या, असे त्याचे काम. पाडण्याचे काम झपाट्याने झाले. बांधण्याचे काम मागे राहिले. जी बांधली गेली त्या बी.आय.टी. चाळी.

त्यातलीच परळची चाळ क्रमांक १. खोली नंबर ५० आणि ५१. सुभेदार रामजी आंबेडकर यांचे कुटुंब तिथे राहायला आले आणि १९१२ ते १९३४ अशी सुमारे बावीस वर्षे बाबासाहेबांचा संसार, अभ्यास, चळवळ सगळे त्या दोन खोल्यांच्या आसऱ्याने चालले. महाडचा सत्याग्रह १९२७ चा, गोलमेज परिषदांचा काळ १९३० ते १९३२ चा. म्हणजे जगाच्या दरबारात आपला प्रश्न मांडणारा माणूस अल्प उत्पन्नवाल्यांच्या चाळीतून गेला होता.

इथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या ट्रस्टने परळला एका खोलीची घरे बांधली, त्याच ट्रस्टने दादर-माटुंग्याला मध्यमवर्गासाठी झाडांचे रस्ते आणि ऐसपैस भूखंड आखले. मजुराला खोली, पांढरपेशाला प्लॉट. दोन्ही एकाच टेबलावर आखले गेले, पण एकमेकांपासून दूर ठेवले गेले. बाबासाहेबांनी पुढे त्याच दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले आणि आपल्या ग्रंथांना घर दिले. परळची चाळ ते राजगृह हे अंतर चालायला अर्ध्या-पाऊण तासाचे. पण ते कापायला एका महामानवाचे अर्धे आयुष्य गेले.

बी.डी.डी. चाळी : बांधल्या आणि रिकाम्या राहिल्या

१९२० साली गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांनी मोठी घोषणा केली. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट नावाचे नवे खाते काढले आणि गिरणी कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायचे ठरवले. पैशासाठी कापसाच्या गाठीवर एक रुपया कर बसवला. प्रत्यक्षात २०७ चाळी झाल्या. वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२. खोल्या सुमारे १६ हजार. तळमजला अधिक तीन मजले, एका मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, नळ आणि संडास सामाईक. म्हणजे ठरवल्याच्या एक-तृतीयांशच घरे झाली.

आणि गंमत पहा. घरे नाहीत म्हणून ओरड, आणि वरळीच्या कितीतरी खोल्या सुरुवातीची वर्षे रिकाम्या! भाडे परवडेना, गिरणी लांब, पाणी-बाजाराची सोय नाही. १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या काही चाळींचा सरकारने तात्पुरता तुरुंग केला. कामगारांसाठी बांधलेल्या घरात कैदी राहिले.

यातून शिकण्यासारखे हे की, नुसत्या भिंती उभ्या केल्या म्हणजे घर होत नाही. कामाची जागा, नळाला पाणी, मुलांना शाळा हे सगळे मिळून घर होते. गरिबाला कुठेतरी कोपऱ्यात टाकून दिले की काम भागले, असे समजणारे खाते १९२० साली होते आणि नंतरही झाली.

एकाच जिन्यावर

हळूहळू चाळी भरल्या. कोकणातून, घाटावरून माणसं आली. चाळीत एक मोठी गोष्ट घडली. गावात ज्यांची सावली चालत नव्हती ते एका जिन्याने चढू-उतरू लागले, एका नळावर रांगेत उभे राहू लागले. गावकूस पडले असे वाटले.

पण ते पुरते पडले नव्हते. काही चाळी बौद्धांच्या म्हणून ओळखल्या जात, काही सवर्णांच्या. जानेवारी १९७४ मध्ये मध्य मुंबईच्या पोटनिवडणुकीच्या वेळी वरळीत दलित पँथरची सभा झाली, सभेवर दगडफेक झाली आणि दंगल पेटली. गच्चीवरून खाली दगड-बाटल्या आल्या. कालपर्यंत ज्यांच्याकडे विरजण मागायला जायचं, त्यांच्याच दारावर फुल्या! १० जानेवारी १९७४ रोजी परळला मोर्चावर वरून टाकलेल्या पाट्याने भागवत जाधव शहीद झाले. पुढे वरळी-नायगावच्या दंगलींच्या चौकशीसाठी न्या. भस्मे आयोग नेमला गेला.

आपली ज्येष्ठ मंडळी ते दिवस विसरलेली नाहीत. एकत्र राहायला जागा दिली म्हणजे शेजार तयार होत नाही, शेजार करावा लागतो, हे त्या दंगलीने शिकवले. पण त्याच चाळींतून पुढे एकमेकांच्या लग्नात वाढायला जाणारी माणसेही निघाली, हेही इतिहासात लिहून ठेवले पाहिजे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या पुनर्विकासातल्या ५५६ घरांच्या चाव्या रहिवाशांना मिळाल्या. १६० फुटांतून ५०० फुटांत. शंभर वर्षांनी का होईना, त्याच जागेवर, त्याच शेजाऱ्यांसह. हे महत्त्वाचे.

उठवणूक

सगळ्यांच्या नशिबी तेवढेही नव्हते. मानखुर्दजवळच्या जनता कॉलनीतली माणसे आधीच शहरातून उठवून तिथे नेऊन ठेवलेली. शेजारी अणुशक्ती केंद्र उभे राहिले आणि त्यांची जागा हवी झाली. लोक कोर्टात गेले, लढले. आणीबाणीत, १७ मे १९७६ रोजी, वसाहत पाडली गेली आणि सुमारे ७० हजार माणसे चिता कॅम्पला हलवली गेली. एकदा उठवलेला माणूस दुसऱ्यांदा उठवायला सोपा असतो, कारण त्याच्या बाजूने बोलणारा जुना शेजारी उरलेला नसतो.

जुलै १९८१ मध्ये ऐन पावसात फुटपाथवरच्या लोकांना उचलून गावी पाठवायचा हुकूम निघाला. त्याविरुद्धचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १० जुलै १९८५ रोजी निकाल लागला. तो 'ऑल्गा टेलिस खटला' म्हणून प्रसिद्ध आहे. उपजीविकेचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे न्यायालयाने मान्य केले. माणूस फुटपाथवर हौसेने राहत नाही, कामाच्या जवळ राहावे लागते म्हणून राहतो, हे देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने लिहून ठेवले. तरीही नोटीस देऊन, पावसाळा संपल्यावर हटवण्याची मुभा दिलीच. हक्क मिळाला, छप्पर नाही मिळाले.

१९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसनाची योजना आली. झोपडीवाल्याला २२५ चौरस फुटांचे घर फुकट, आणि त्याच जागेवर बिल्डरने जादा घरे बांधून बाजारात विकायची. पुढे घराचे क्षेत्र वाढले. पुष्कळ कुटुंबांना पक्के घर मिळाले, हे नाकारता येणार नाही. पण रस्ते, रेल्वे, नाले यांच्यासाठी उठवलेल्या प्रकल्पबाधितांच्या वसाहती बहुतेक मानखुर्द-गोवंडीच्या बाजूला लोटल्या गेल्या. इमारतीला इमारत चिकटलेली, खालच्या मजल्यावर भर दुपारी दिवा लावावा लागतो. अशा काही वसाहतींची पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. हवा आणि ऊन न मिळणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षयरोगाचे प्रमाण अधिक असल्याचे त्यात आढळले. प्लेगच्या भीतीने सुरू झालेली गोष्ट क्षयावर येऊन थांबली, असे म्हणायची पाळी आली.

न्यूयॉर्कचे उदाहरण

ही केवळ आपल्या देशाची कथा नाही. बाबासाहेब ज्या न्यूयॉर्क शहरात १९१३ ते १९१६ शिकले, त्याच शहराच्या क्वीन्स भागात फॉरेस्ट हिल्स नावाची मध्यमवर्गीय वस्ती आहे. १९७१ साली तिथे कमी उत्पन्नवाल्यांसाठी २४ मजली ३ इमारती, एकूण ८४० घरे बांधायचे काम सुरू झाले. येणाऱ्यांत काळे लोक बरेच असतील हे उघड होते. वस्तीत ज्यू कुटुंबे मोठ्या संख्येने होती. त्यांनी जोरदार विरोध केला, रस्त्यावर उतरले. कारणे? शाळांवर ताण, रस्त्यांवर ताण, गुन्हेगारी आणि वस्तीचा दर्जा.

हे ज्यू कोण, तर ज्यांच्या पूर्वजांना युरोपात शतकानुशतके वेगळ्या वस्तीत कोंडले गेले. 'घेट्टो' हा शब्दच मुळी १५१६ सालच्या व्हेनिस शहरातला, ज्यूंच्या बंदिस्त वस्तीचा. गावकुसाबाहेरच्या माणसाला तो समजावून सांगायला नको. पण त्याच समाजातली काही माणसे दुसऱ्याला शेजार नाकारायला उभी राहिली. मी त्यांना दोष देत नाही. माझी सहीसुद्धा त्यांच्या सहीच्या शेजारीच आहे.

महापौर जॉन लिंडसे यांनी १९७२ साली मारिओ कुओमो नावाच्या वकिलाला मध्यस्थी करायला सांगितले. ते पुढे न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर झाले. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि १२ मजली ३ इमारती, ४३२ घरे असा तोडगा सुचवला. वृद्धांसाठी मोठा वाटा ठेवला. तेवढी घरे झाली, माणसे राहायला आली. पण हिशेब करा. ८४० मधून ४३२ वजा केले तर ४०८ राहतात. ४०८ कुटुंबांनी त्या तोडग्याची किंमत मोजली, आणि मध्यस्थीच्या खोलीत त्यांच्यापैकी कुणी बसलेले नव्हते, कारण त्यांची नावेच अजून ठरलेली नव्हती. न आलेल्या शेजाऱ्याच्या वतीने कोण बोलणार, हा खरा प्रश्न आहे.

आजचे मुलुंड, आजचे कुर्ला, आणि आपण

मुंबईत अलीकडे हाच वाद पुन्हा उभा राहिला. मुलुंड पूर्वेला प्रकल्पबाधितांसाठी ७,४३९ घरांची योजना आली, तेव्हा २०२३ मध्ये तिथल्या रहिवाशांनी आंदोलन केले. पुढे धारावीतल्या अपात्र ठरणाऱ्या कुटुंबांना मुलुंडच्या जागेवर किंवा मिठागरांवर घरे देण्याची चर्चा निघाली, तेव्हा विरोध वाढला. कुर्ल्याच्या नेहरूनगरातली मदर डेअरीची जागा त्याच कामासाठी द्यायचा निर्णय २०२४ मध्ये झाला. स्थानिक लोक म्हणाले, आम्हाला तिथे उद्यान हवे.

या विरोधात सगळेच खोटे आहे असे मी म्हणणार नाही. रेल्वे स्टेशनवरची गर्दी खरी आहे. पाण्याचा दाब खरा आहे. मिठागरांत पावसाचे पाणी मुरते, तिथे माणसांना राहायला पाठवणे कितपत शहाणपणाचे, हा प्रश्नही खरा आहे. आणि मुख्य म्हणजे धारावीच्या माणसाला धारावीतच घर का नको, हा तर सर्वांत खरा प्रश्न. पण या खऱ्या प्रश्नांच्या मधून एक आवाज येतो. 'हे लोक' आपल्याकडे नकोत. तो आवाज आपल्या कानाला ओळखीचा आहे. वेशीवर तो आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकला.

आता स्वतःकडे येतो. आपल्या वसाहतीत दुसरी-तिसरी पिढी शिकली. कुणी बँकेत, कुणी मंत्रालयात, कुणी परदेशात. दारासमोर गाड्या आल्या. ही बाबासाहेबांची पुण्याई. पण माझ्या मुलाने मला विचारले, पप्पा, समोर ती बिल्डिंग झाली तर आपल्या फ्लॅटचा भाव पडेल का? तेव्हा मी म्हणालो, पडू शकतो. आणि सही केली. त्या क्षणी मला परळची खोली नंबर ५० आठवली नाही. बडोद्याची बाग आठवली नाही. भाव आठवला.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत सांगितले की, बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता वरवरच्या रंगाइतकीच खोल राहतील. आपण समता शब्द पुष्कळ वापरतो. तो वरच्याकडे पाहून बोलायचा शब्द आहे, मागणीचा आहे. बंधुता हा खालच्याकडे आणि शेजारी पाहून बोलायचा शब्द आहे. तो जड जातो. रोज मैत्री भावना करणाऱ्यालाही जड जातो.

फाईलमधला दुसरा कागद

त्या पिवळ्या फाईलमध्ये आणखी एक कागद होता. तो हाताने लिहिलेला. आपल्या विहाराचे पहिले अध्यक्ष, ज्यांना आपण सारे मास्तर म्हणत असू, त्यांच्या अक्षरातला. त्या पन्नास वर्षांपूर्वीच्या विरोधाच्या अर्जाला आपल्या लोकांनी काय उत्तर दिले ते त्यात आहे.

मला वाटले होते निषेध असेल. तसे काही नाही. मास्तर चार माणसे घेऊन बंगलेवाल्यांच्या घरी गेले होते. दोन घरांनी दार उघडले नाही, एका घरात व्हरांड्यात बसवले, एका घरात पाणी विचारले. मास्तरांनी एवढेच म्हटले की, पाणी कमी पडेल ही तुमची तक्रार बरोबर आहे, आम्हालाही ती आहे, मग आपण मिळून मोठी पाईपलाईन मागू या. गटाराचेही तसेच. शांततेबद्दल जयंतीचा लाऊडस्पीकर रात्री किती वाजता बंद करायचा ते वसाहतीने ठरवले आणि लिहून दिले. दर्जाबद्दल मास्तरांनी काहीच लिहिलेले नाही. त्या ओळीपुढे त्यांनी कागद कोरा सोडला आहे.

पाईपलाईनच्या त्या संयुक्त अर्जावर अकरा सह्या पलीकडच्या लोकांच्या आहेत. मी तेव्हा चौथीत होतो. नवीन नळाला पाणी आले तेव्हा बायकांनी हळदी-कुंकू न लावता, नुसते फूल वाहून पंचशील म्हटले होते, एवढे मला आठवते. ते पाणी कुणाच्या सह्यांनी आले होते हे मला साठी उलटल्यावर कळले.

शेवटी

ती फाईल वाचल्यावर आठ दिवसांनी मी त्या कार्यालयात जाऊन माझी सही मागे घेत असल्याचे पत्र दिले. कारकुनाने वाचले, माझ्याकडे एकदा पाहिले आणि पोचवर शिक्का मारून दिला. एका सहीने काही थांबत नाही आणि काही सुरू होत नाही, हे मला कळते. पण मास्तरांच्या कोऱ्या जागेपुढे मला माझी सही ठेवता येईना.

सही केलेल्या इतरांना मी दोषी धरत नाही. त्यांची भीती खरी आहे. उन्हाळ्यात तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही, हे मीही भोगतो. म्हणून माझी विनंती अशी. विरोधाचा अर्ज बाजूला ठेवून आपण नवा अर्ज करू. घरे व्हावीत, असे त्यात पहिल्याच ओळीत लिहू. मग मागण्या. इमारती आणि पाईपलाईन दोन्ही एकदम मंजूर व्हावीत. दोन इमारतींत ऊन-वारा येईल एवढे अंतर असावे. बालवाडी आणि दवाखान्याची जागा नकाशात आधी दाखवावी. आणि जे राहायला येणार त्यांच्या प्रतिनिधींना बैठकीला बोलवावे, म्हणजे न्यूयॉर्कसारखे त्यांच्याविना त्यांच्या घरांचा आकडा कापला जाणार नाही. शिवाय आपण आपल्या बाजूने एक गोष्ट लिहून देऊ. विहाराची अभ्यासिका येणाऱ्या मुलांना खुली राहील.

येत्या रविवारी वंदनेनंतर यावर बोलू या. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर यावे, त्यांनी तर आधी यावे. चहाची सोय महिला मंडळाने केली आहे.

ती फाईल मी पुन्हा कपाटात ठेवली आहे. आता तिच्यात तीन कागद आहेत. आपल्या विरुद्धचा अर्ज, मास्तरांचे उत्तर, आणि गेल्या वर्षीचा आपला अर्ज, माझ्या पत्राच्या पोचेसह. चौथ्या कागदाची जागा रिकामी आहे. विहाराच्या शताब्दीला कुणी तरी ही फाईल उघडेल. तेव्हा ते वाचणारी मुले कदाचित मागच्या इमारतीतली असतील.

सर्वांचे मंगल होवो.

नमो बुद्धाय! जय भीम!